व्हिडिओ चित्रीकरणाचा दर आणि कामाच्या अटी : आपले अनुभव लिहावेत

गेली अकरा वर्षे मी पुण्यात स्वतंत्र व्हिडिओ कॅमेरामन म्हणून काम करतो. कंपन्यांचे कार्यक्रम, संस्थांचे माहितीपट आणि हंगामात काही लग्ने, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. "एका दिवसाचे किती घेता?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला असेल. पहिली चार वर्षे मी त्याला एकच आकडा सांगत आलो आणि माझे नुकसान तिथेच झाले. एकच आकडा सांगितला की त्यात माणूस, कॅमेरा, लेन्स, दिवे, गाडीभाडे, रात्रीचे जागरण आणि फुटेजची नक्कल हे सारे आले, असे समोरचा धरून चालतो. त्याला दोष देता येत नाही, कारण आपणच वेगळे काही सांगितलेले नसते.

माझे डोळे उघडले ते एका साध्या हिशेबाने. मी कर्ज काढून सुमारे ६ लाख रुपयांचा संच घेतला होता : कॅमेरा, तीन लेन्स, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारी मूठ), ट्रायपॉड, वायरलेस माइक. वर्षाला १०० दिवस काम मिळते आणि चार वर्षांत संच जुना होतो असे धरले, तर नुसती झीज दिवसाला १,५०० रुपये होते. त्यात विमा, दुरुस्ती आणि कर्जाचे व्याज धरलेले नाही. मी तेव्हा संचासह ६,००० रुपये घेत होतो आणि तसाच संच भाड्याने देणारा दुकानदार त्याचे दिवसाला ४,००० रुपये घेत होता. याचा अर्थ पहाटे पाचपासून रात्रीपर्यंत उभे राहण्याचे माझ्या पदरात २,००० पडत होते.

त्या दिवसापासून माझ्या कोटेशनमध्ये मानधन, संचाचे भाडे, सहायक, प्रवास आणि फुटेजची हाताळणी या ओळी वेगवेगळ्या असतात. ग्राहकाने घासाघीस केली, तर मी एखादी ओळ काढतो, म्हणजे गिंबल किंवा दुसरी लेन्स कमी करतो. मानधनाच्या ओळीला मात्र हात लावत नाही. दिवस दहा तासांचा असतो आणि तो मी घरातून निघाल्यापासून मोजला जातो. दहा तासांनंतर प्रत्येक तासाला मानधनाचा दहावा हिस्सा आणि रात्री बारानंतर त्याच्या दीडपट आकारतो. चित्रीकरणाला ४८ तासांहून कमी वेळ उरला असताना काम रद्द झाले तर निम्मे मानधन घेतो, कारण त्या तारखेसाठी मी दुसरे काम नाकारलेले असते.

आपण कोठे आणि कोणत्या प्रकारचे काम करता, दर कसा ठरवला आणि कोणती अट कोणत्या प्रसंगातून आली, हे सविस्तर लिहावे. ग्राहकाचे किंवा कंपनीचे नाव कृपया लिहू नये.

कोल्हापूर, लग्नसमारंभ

आमच्याकडे दराचा विचार पंचांगापासून सुरू होतो. आषाढात मुहूर्त संपले की तुळशीच्या लग्नापर्यंत हात रिकामे असतात, आणि उरलेल्या महिन्यांतही मुहूर्ताच्या तारखा मोजक्याच असतात. एका तारखेला पाच ठिकाणांहून बोलावणे येते आणि पुढचे दहा दिवस फोन वाजत नाही. म्हणून लग्नाच्या दिवसाच्या दरात रिकाम्या दिवसांचाही वाटा असावा लागतो. हे मी ग्राहकाला मोकळेपणाने सांगतो आणि शेती करणाऱ्या घरांत ते लगेच पटते.

इसार घेतल्याखेरीज मी तारीख धरत नाही. एकूण रकमेच्या ३० टक्के इसार, ५० टक्के हळदीच्या दिवशी आणि बाकीचे व्हिडिओ हाती देताना, असे माझे हप्ते आहेत. पूर्वी मी अर्धी रक्कम शेवटी ठेवत असे. लग्न झाले की मांडववाला, आचारी आणि बँडवाला यांचे देणे आधी भागते. कॅमेरावाल्याला "अल्बम आणि व्हिडिओ एकदमच घेऊ" असे सांगितले जाते आणि ते "एकदम" आठ महिन्यांनी येते.

आता लेझरची अट सांगतो, कारण ती नव्या मुलांना ठाऊक नसते. दोन वर्षांपूर्वी एका वरातीत लेझरचा झोत सरळ लेन्समध्ये आला आणि घरी येऊन पाहिले तर प्रत्येक दृश्यात एक हिरवी आडवी रेघ होती. कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर गेला होता. दुरुस्तीचा खर्च त्या संपूर्ण लग्नाच्या रकमेपेक्षा अधिक झाला आणि भरपाईची जबाबदारी कोणीही घेतली नाही. तेव्हापासून माझ्या करारपत्रात स्पष्ट लिहिलेले असते की वरातीत किंवा मिरवणुकीत लेझर सुरू असेल, तर मी कॅमेरा बंद ठेवीन किंवा पाठ करून उभा राहीन, आणि त्या भागाच्या चित्रीकरणाची मागणी करता येणार नाही. ही अट वाचून आजवर दोन घरांनी लेझर रद्द केले.

नाशिक, समारंभ आणि संस्थांचे माहितीपट

कोल्हापूरच्या दादांनी हप्त्यांबद्दल जे लिहिले आहे, ते मला पूर्ण मान्य आहे. मी स्त्री असल्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या घडतात, म्हणून त्या लिहिते. पहिली म्हणजे, "ताई, तुम्ही मेंदी आणि बायकांकडचे करा, मुख्य विधी दुसरे कॅमेरामन घेतील" असे सांगून दर कमी केला जातो. एका कामात शेजारच्या कॅमेऱ्यावरच्या सहकाऱ्याला माझ्यापेक्षा १,५०० रुपये जास्त मिळाल्याचे मला जेवताना कळले. कॅमेरा, तास आणि जबाबदारी दोघांचीही सारखीच होती. आता दुसऱ्या कॅमेऱ्याचा दर काय आहे, हे मी काम स्वीकारण्यापूर्वीच विचारते. विचारताना सुरुवातीला संकोच वाटत असे, पण विचारल्यामुळे एकही काम हातचे गेलेले नाही.

दुसरी गोष्ट सोयींची. कपडे बदलण्यासाठी बंद होणारी खोली, स्वच्छतागृह आणि रात्री नऊनंतर काम संपल्यास घरापर्यंत गाडी या तीन अटी माझ्या पत्रात मानधनाच्याही आधी असतात. शेतावरच्या लग्नात सकाळी सहा ते संध्याकाळपर्यंत पाणी न पिता काम केल्याचे परिणाम मी भोगले आहेत. ही अट पुरुष सहकाऱ्यांनीही घालावी, म्हणजे ती कोणा एकीची तक्रार राहणार नाही.

मुंबई, मालिका

मालिकांच्या सेटवर दर ठरवण्याला वाव कमी असतो. शिफ्ट बारा तासांची असते आणि पैसे ९० दिवसांनी येतात, हे गृहीत धरूनच घर चालवावे लागते. नव्याने येणाऱ्याने पहिल्या तीन महिन्यांचे घरभाडे हाताशी ठेवूनच यावे, असे मी कळकळीने सांगतो. मी ते केले नव्हते आणि कॅमेरा गहाण ठेवण्याची वेळ आली होती.

माझा एकच आग्रह असतो, तो पॅकअपच्या, म्हणजे दिवसाचे चित्रीकरण संपण्याच्या वेळेचा. नायगावच्या सेटवर मध्यरात्रीनंतर पॅकअप झाले आणि शेवटची लोकल निघून गेली, तर पहाटेपर्यंत फलाटावर बसावे लागते. म्हणून मध्यरात्रीनंतरच्या पॅकअपला गाडी आणि पुढच्या कॉलटाइमपर्यंत (सेटवर हजर होण्याच्या वेळेपर्यंत) किमान दहा तासांचे अंतर या दोन गोष्टी मी पहिल्याच दिवशी प्रॉडक्शन मॅनेजरकडून संदेशावर लिहून घेतो. झोप न झालेल्या माणसाच्या हातातली ट्रॉली आणि क्रेन दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

नागपूर, कंपन्यांचे चित्रीकरण

मी पैशांच्या वसुलीबद्दल लिहितो, कारण चार वर्षे मी तिथेच रडत होतो. एका कंपनीने माझे १,८०,००० रुपये सात महिने अडकवले होते. लेखा विभागात फोन केला की "फाइल साहेबांकडे आहे" हे एकच उत्तर मिळे.

एका सनदी लेखापालांनी मला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करायला सांगितली. ती निःशुल्क असते आणि आपल्यासारखा एकटा व्यावसायिकही सूक्ष्म उद्योग म्हणून ती करू शकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरात अशी तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत दाखवता येत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक बिलावर मी उद्यम क्रमांक छापला आणि खाली ४५ दिवसांची ओळ लिहिली. मार्च जवळ आला की आता लेखा विभागातून मलाच फोन येतो. नोंदणी मात्र काम सुरू होण्याआधीच करून ठेवावी. पैसे अडकल्यानंतर केलेल्या नोंदणीचा भरवसा धरू नये.

आणखी एक गोष्ट. कंपनी बिलातून १० टक्के कर कापते, ते पैसे बुडाले असे मी समजत होतो. ते आपल्या नावावर सरकारकडे जमा असतात आणि विवरणपत्र भरले की आपल्या देय कराहून जास्त कापलेली रक्कम परत मिळते. मी तीन वर्षे विवरणपत्र भरले नाही आणि त्या वर्षांचा परतावा कायमचा गमावला.

ठाणे, चित्रीकरण आणि संकलन

फुटेज कोणाचे, हा प्रश्न अजून कोणी मांडलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन कोणी चित्रीकरण करून घेतले, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. मला हे ठाऊक नव्हते. एका कामातील चाळीस सेकंद मी माझ्या कामाच्या नमुन्यात वापरले आणि ग्राहकाची नोटीस आली. आता "नमुना म्हणून वापरण्याची परवानगी" ही ओळ माझ्या प्रत्येक करारात असते आणि ज्याला ती नको असेल, त्याला दर थोडा अधिक सांगतो.

कच्च्या फुटेजचा खर्चही धरावा. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके, म्हणजे उच्च स्पष्टतेचे चित्रीकरण केले की तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे आठ तास चालले की ७२० जीबी आणि दोन प्रती ठेवायच्या म्हणजे जवळपास दीड टीबी. हार्ड डिस्क ग्राहकाने द्यावी. माझ्याकडची प्रत मी ९० दिवस ठेवतो आणि ही मुदत लेखी कळवतो.

लंडन, परिषदा आणि मराठी मंडळांचे कार्यक्रम

नागपूरकरांचे वाचून लिहावेसे वाटले. इथे १९९८ चा उशिरा देयकांविषयीचा कायदा आहे आणि त्यानुसार व्यावसायिक ग्राहकाकडून बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ व्याजदरात ८ टक्क्यांची भर घालून व्याज मागता येते. मी ती ओळ बिलाच्या तळाशी छापतो आणि व्याज मागण्याची वेळ फक्त एकदा आली.

मडगाव, गोवा

ड्रोनची ओळ नेहमी वेगळी ठेवावी आणि ठिकाण पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा असल्यामुळे त्या परिसरातले किनाऱ्यावरचे लग्न असले, तर मी डिजिटल स्काय नकाशा (ड्रोन कोठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी नकाशा) आधी पाहतो. परवानगी मिळाली नाही तर ड्रोनची रक्कम परत, बाकीचा करार कायम, असे माझ्या पत्रात असते.

सोलापूर, लग्नसमारंभ

नात्यातल्या कामाचा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला. फुकट केले की ते सर्वांना फुकट वाटते आणि पैसे मागितले की नाते दुखावते. आता मी नात्यातल्या लग्नालाही पूर्ण दराचे कोटेशन देतो, त्यात प्रत्येक ओळ लिहितो आणि शेवटी "आमच्याकडून आहेर" म्हणून मानधनाएवढी रक्कम वजा करतो. सहायकाचे, गाडीचे आणि डिस्कचे पैसे मात्र घेतो. गेल्या उन्हाळ्यात मामेबहिणीच्या लग्नात असेच केले. तो कागद तिच्या सासऱ्यांनी जपून ठेवला होता. दिवाळीनंतर तिच्या दिराचे लग्न ठरले, तेव्हा त्यांनी तोच कागद समोर ठेवला, आहेराची ओळ स्वतःच्या हाताने खोडली आणि पूर्ण रकमेवर इसार दिला.