मदत हवी आहे: चिलटांना ओढतो तो वास अळ्यांचा, की त्यांच्या पोटातल्या जिवाणूंचा?

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे. श्रावणात मंडईतून आणलेली केळी ओट्यावरच राहिली आणि घरभर चिलटं झाली. मी टोपली फेकायला निघाले तर हिने हात धरला. "आई, बघ ना, चांगल्या केळ्यावर एकही नाही, आणि अळ्या वळवळतायत त्याच्यावर सगळी!" आता शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तोच विषय घेतलाय.

रवा, गूळ, चिमूटभर यीस्ट आणि चायना ग्रास शिजवून जॅमच्या दोन बाटल्यांत ओतलं, तोंडाला पंच्याचा तुकडा बांधला. एकीत तीन दिवस अळ्या वाढू दिल्या, दुसरी तशीच ठेवली. मग अळ्या बारीक ब्रशने एकेक वेचून काढल्या आणि दोन्हींतलं चमचा-चमचा खाद्य दोन नव्या बाटल्यांत घातलं. वर कागदाचं नरसाळं, म्हणजे आत गेलेलं चिलट सहसा परत येत नाही. कोणती बाटली कुठली हे फक्त तिच्या बाबांना माहीत, मोजणार ही. खिडकीकडची बाजूही दर वेळी बदलली. तिन्ही वेळा अळ्यांच्या उष्ट्या खाद्याकडे कितीतरी जास्त चिलटं गेली.

शाळेत तिला सांगितलं गेलं, "जिवाणूंमुळे, असं लिहून टाक." मला हे पटत नाही. तिने जिवाणू तपासलेच नाहीत, तर लिहायचं कशाच्या जोरावर?

शक्यता दाट आहे हे मान्य. २०१४ साली कॅनडातल्या संशोधकांनी जवळजवळ हेच पाहिलं होतं आणि उष्ट्या खाद्याच्या ओढीत लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचा हात आहे असं त्यांना दिसलं. वाळवंटी टोळांत तर २००० सालीच हे सापडलं. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे विष्ठेत ग्वायाकॉल नावाचं द्रव्य तयार होतं, टोळांना एकत्र ठेवणाऱ्या वासाचा तो एक घटक, आणि जंतुमुक्त वाढवलेल्या टोळांच्या विष्ठेत ते मिळालं नाही. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात उतरलेली टोळधाड हिने टीव्हीवर पाहिली होती, त्यामुळे हे वाचून ती हरखूनच गेली.

पण दुसरी बाजूही आहे. २०१० साली इस्रायलमध्ये असं दिसलं की काकवीवर वाढलेली चिलटं जोडीदारही काकवीवरचाच निवडतात, स्टार्चवरची स्टार्चवरचाच, आणि प्रतिजैविक दिलं की ही निवड नाहीशी होते. २०१७ साली दुसऱ्या एका गटाने तसाच प्रयोग करून पाहिला तर खाद्यानुसार जोडी जमल्याचं काही ठाम आढळलं नाही. म्हणून घाई नको वाटते.

तर विचारायचं हे: जिवाणू नसलेल्या अळ्या घरी वाढवता येतील का? अंडी पातळ केलेल्या ब्लीचमध्ये दोन-तीन मिनिटं धुतली की वरचं कवच आणि आईकडून आलेले जिवाणू दोन्ही जातात, असं वाचलंय. खाद्य कुकरमध्ये निर्जंतुक करीन. पण जिवाणूंवाचून अळ्या हळू वाढतात म्हणे. मग त्या खाणारही कमी, म्हणजे तुलनाच बिघडली ना? औषधाच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या वापरायला एकाने सुचवलं. ते मी करणार नाही. प्रतिजैविकं अशी खेळायला घ्यायची वस्तू नाही, शिवाय गोळीचा चिलटांवर स्वतंत्र काही परिणाम झाला तर तो कसा ओळखणार?

प्रतिसाद

ताई, ब्लीच चालेल, पण ते काम तुम्ही करा, मुलीच्या हाती देऊ नका, आणि नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने अंडी चार-पाच वेळा धुवा. त्याआधी मात्र एक सोपी बाटली करून बघा: कुकरमधल्या निर्जंतुक खाद्यावर उष्ट्या खाद्याचं थेंबभर पाणी टाका, अळी एकही नको, आणि तीन दिवस ठेवा. सोबतीला दुसरी बाटली, तिच्यात नुसतं उकळलेलं पाणी. चिलटं पहिलीकडे गेली तर वासासाठी अळीची गरज नाही हे कळलं. मात्र त्या थेंबात यीस्टही असणार आणि चिलटं यीस्टच्या वासाला जातातच. तेव्हा निष्कर्षात "जिवाणू" नको, "सूक्ष्मजीव" लिहा. दोन्ही वेगळे करायला प्रयोगशाळाच हवी. पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आहे, तिथे या चिलटांवर काम चालतं, त्यांना ईमेल करून बघा.

धागाकर्ती

दादा, अळीशिवायची बाटली! हे सुचलंच नव्हतं. लेकीने वहीतला "जिवाणू" शब्द आत्ताच खोडला. आज रात्री कुकर लावते. एकच विचारते, तीन दिवस तोंडाला कापूस पुरेल, की बुरशी धरेल? सध्या हवा फार दमट आहे.