हॉलचे पडदे: दिसायला शोरूमचे, बजेट ८-१० हजार. जमेल का?

धायरीकरीण
नमस्कार मंडळी, नवीन फ्लॅटमधे बाकी सगळं लागलंय, पडदे तेवढे राहिलेत. हॉलमधे ६ फुटी स्लायडिंग खिडकी आणि बाल्कनीचं दार, तेही तेवढंच रुंद. एका फर्निशिंगवाल्याला घरी बोलावलं, त्याने माप घेतलं, कॅटलॉग उघडला आणि दोन्हीचे मिळून ३८ हजार सांगितले, वर रॉड वेगळा म्हणे!! ऑनलाइन रेडीमेड बघितले तर ते सात फुटी रिंगवाले, शेजारणीकडे तसेच आहेत, जमिनीपासून वीतभर वर लटकतात आणि चार पट्ट्या चारीकडे. मला ते वर बारीक चुण्या घातलेले, सरळ खाली फरशीपर्यंत पडणारे हवेत. मशीन आईकडे आहे पण ती आधीच हात वर करून बसलीय. रॉडसकट ८-१० हजारात काही होईल का?

बारा_गावचं_पाणी
होईल की. फक्त कापड भारी आणि शिलाई-मापात काटकसर असं करू नकोस, उलटं कर. पडदा उंची दिसतो तो लांबी आणि घेरामुळे, कापड १५० रुपये मीटरचं आहे का ६०० चं हे सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला कळत नाही. फक्त चकाकणारं सॅटिनसारखं घेऊ नकोस, ते लगेच कळतं. मॅट, लिननसारखं दिसणारं, एकाच रंगाचं घे. प्रिंट किंवा चौकडा घेतलास तर दोन पन्हे (कापडाच्या पूर्ण रुंदीच्या पट्ट्या) जोडताना डिझाइन जुळवायला कापड वाया जातं आणि नाही जुळवलं तर भयाण दिसतं.

हिशोब असा: खिडकी ६ फूट, रॉड दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर काढ म्हणजे ७ फूट, ८४ इंच. घेर दुप्पट हवा, १६८ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असतो म्हणजे साडेतीन पन्हे, चार धर. रॉड ८ फुटावर लावलास तर ९६ इंच लांबी, वरची घडी, खालची दुमड आणि थोडं हाताशी असं मिळून १२ इंच जास्त, १०८ इंच, म्हणजे पावणेतीन मीटर. चार पन्ह्यांचं ११ मीटर, दाराचंही तेवढंच, एकूण २२ मीटर. १६० च्या भावाने साडेतीन हजार झाले. आठ पन्ह्यांची शिलाई आमच्याकडे दीड-पावणेदोन हजारात होते, उरलेल्यात दोन रॉड आरामात. रविवार पेठेत जा, पडद्याच्या कापडाची दुकानं ओळीने आहेत, आणि पहिल्याच दुकानात गाठोडं बांधून घेऊ नकोस.

आणि हो, चार पट्ट्या सुट्ट्या ठेवायच्या नाहीत. दोन-दोन जोडून डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोनच मोठे पडदे कर. रेडीमेड आणि शिवून घेतलेल्यात जो फरक दिसतो ना, त्यातला अर्धा इथे आहे.

बकरमवाला
वरच्यांचा हिशोब बरोबर आहे, शिलाईचं मी सांगतो, घरचाच धंदा आहे. ब्लाऊज शिवणाऱ्याकडे देऊ नका, सोफ्याची कव्हरं नि पडदे शिवणारा वेगळा असतो. "चुण्यांचे पडदे शिवा" एवढंच सांगितलंत तर तो त्याच्या मनाने तीन चुण्या घालून मोकळा होईल. स्पष्ट सांगायचं: वर ४ इंची बकरम (चुण्या ताठ राहाव्यात म्हणून आत घालायची कडक पट्टी), एका पन्ह्याला पाच चुण्या, प्रत्येक चुणीत साधारण साडेचार इंच कापड आणि दोन चुण्यांमधे तेवढंच अंतर. कडेच्या घड्या वजा जाता ४४ इंचाचं कापड २१ इंचावर येतं, असे चार म्हणजे तुमचे ८४ भरले. खालची दुमड ४ इंचाची आणि डबल, कोपऱ्यात शिशाची छोटी वजनं टाकायला सांगा, पडदा फुगत नाही. बरेच जण दुमडीत कापड वाचवतात, एक इंचाची दुमड लांबूनही स्वस्त दिसते.

चुण्यांच्या पडद्याला मागून हूक लागतात, त्यामुळे रॉडवर सरकणाऱ्या, खाली आकडा असलेल्या रिंगा किंवा ट्रॅक घ्या, नुसत्या पाइपवर ते चालणार नाहीत. आणि कापडातच रिंगा बसवलेले, रिंगवालेच करायचे ठरलं तर रिंगा सम संख्येत घाला, आठ किंवा दहा, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम झाल्या की एक कड तोंडावर येते.

नऊवारी_नात
अगं कापड विकत घ्यायच्या आधी घरातली कपाटं उघड ना! आजीची सुती नऊवारी असेल तर नऊ वार म्हणजे २७ फूट, बरोबर नऊ-नऊ फुटाचे तीन पडदे निघतात आणि काठ दोन्ही कडांना आपोआप उभे येतात. पदराचा तुकडा मधे लावायचा. माझ्या बाल्कनीला असेच आहेत, आलेला प्रत्येकजण विचारतो कुठून घेतले. फक्त रेशमी घेऊ नकोस, उन्हाने वर्षभरात विरते, आणि आई जिवंत खाईल ते वेगळंच.

बारा_गावचं_पाणी
@नऊवारी_नात आयडिया भारी पण सहा फुटी खिडकीला तीन पन्ह्यांत दुप्पट घेर होत नाही, छोट्या खिडकीला ठीक. आणि सुती कापड कुठलंही असो, साडी, मांजरपाट, काहीही, शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढ. पहिल्या धुण्यात आखडतं आणि मग आठ फुटी पडद्याचा शेजारणीचा पडदा होतो 😂

स्क्रू_ढिला
रॉड बसवण्याबद्दल कोणीच बोललं नाही. खिडकीच्या वर लिंटेल असतं, काँक्रीटचं, साध्या ड्रिलने तिथे भोक पडत नाही, नुसता धूर निघतो. हॅमर ड्रिलवाला बोलवा. सात फुटी रॉडला मधे तिसरा ब्रॅकेट लागतोच नाहीतर रॉड वाकतो. आणि आधी रॉड ठोका, मग फरशीपर्यंत तीन ठिकाणी माप घ्या, नवीन बिल्डिंगमधेही अर्धा-पाऊण इंच फरक निघतो. लांबी फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा, लादी पुसताना ओले होत नाहीत.

धायरीकरीण
बापरे, एवढं कोणी त्या कॅटलॉगवाल्यानेही सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणतेय सरळ शिवण असेल तर बघते 🙂 एकच अजून, दाराला पश्चिमेचं ऊन आहे, अस्तर लावावं का? बजेट बसेल?

बकरमवाला
फक्त दाराला लावा, खिडकीला गरज नाही. पांढरं साधं अस्तर घ्या, खालून एक इंच आखूड आणि तळाशी सुटं ठेवा, दोन्ही एकत्र शिवलं तर धुतल्यावर झोळ येतो. पडदे टांगले की चुण्या हाताने सारख्या करून जुन्या कापडाच्या पट्टीने तीन ठिकाणी सैल बांधा, तीन-चार दिवस तसेच राहू द्या. आईंना सांगा बकरमला १६ नंबरची सुई लावा, बारीक सुई मोडते.