मदत हवी आहे: स्पार्कवर बूट होताना ‘कर्नल अनअलाइन्ड ॲक्सेस’, चुकीचा पॉइंटर देणारा कॉलर कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम करतोय. कुठला यंत्रमाग कधी थांबला याची नोंद घेणारं पीसीआय कार्ड आहे, त्याच्यासोबत आलेला लिनक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) इंटेल पीसीवर बिनतक्रार चालतो. पुढे तो दुसऱ्या प्रोसेसरवर न्यायचाय, म्हणून जुन्या सन अल्ट्रा १० वर (हा स्पार्क प्रोसेसरचा संगणक) तपासायला घेतला. ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) बिल्ट-इन असल्यामुळे बूट होतानाच डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘कर्नल अनअलाइन्ड ॲक्सेस ॲट टीपीसी’ अशा ओळी येतात. म्हणजे डेटा नीट न जुळणाऱ्या पत्त्यावरून वाचला गेला; टीपीसी म्हणजे तो वाचणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता.

पहिली जागा सापडली. टीपीसीसमोर ड्रायव्हरच्याच फंक्शनचं नाव होतं. ऑब्जडंपमध्ये (मशीन कोड उलगडून दाखवणारं साधन) तिथे ‘एलडीएक्स’ दिसतं, म्हणजे ६४ बिटचं वाचन. त्याला स्पार्कवर ८ ने भाग जाणारा पत्ता लागतो. केमॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) दिलेला बफर ८ वरच सुरू होतो, पण कार्डाच्या पॅकेटचं हेडर ४ बाइटचं, त्यामुळे पुढची वेळेची ६४ बिटची नोंद ४ बाइट सरकते. स्ट्रक्चर ‘पॅक्ड’ आहे (फील्डमध्ये मोकळी जागा न सोडता रचलेलं), तरी त्यातल्या फील्डचा पत्ता साधा यू६४ (६४ बिटच्या आकड्याचा) पॉइंटर म्हणून पुढे दिलाय. तिथे कंपायलर तरी काय करणार? कुठल्याही पत्त्यावरून नीट वाचणारं ‘गेट_अनअलाइन्ड_एलई६४’ घातल्यावर ती ओळ गेली.

घोडं अडलंय ते दुसऱ्या ओळीवर. ती ‘_फाइंड_फर्स्ट_बिट’कडे बोट दाखवते. ते पहिला १ असलेला बिट शोधणारं कर्नलचं सामायिक फंक्शन, चूक त्याला पॉइंटर देणाऱ्या कॉलरची. ड्रायव्हरमध्ये ते अनेक ठिकाणी वापरलंय, शिवाय इतर ड्रायव्हरही वापरतात. मेसेजमध्ये फक्त इन्स्ट्रक्शनचा पत्ता असतो. डेटाचा पत्ता नाही, कॉल स्टॅकही (कोणी कोणाला बोलावलं याची साखळी) नाही. त्यातून छपाईवर रेट-लिमिट आहे (ठरावीक वेळेत मोजक्याच ओळी): किती ओळी गाळल्या तो आकडा नंतर येतो, पण गाळलेले ट्रॅप (चुकीच्या वाचनामुळे प्रोसेसरने कर्नलकडे दिलेला ताबा) कुठले होते ते कळत नाही.

‘अनअलाइन्ड_६४.सी’मधल्या ‘लॉग_अनअलाइन्ड’मध्ये (ही ओळ छापणारं फंक्शन) तात्पुरता ‘डंप_स्टॅक’, म्हणजे कॉल स्टॅक छापणारा कॉल, टाकायचा विचार आहे. ट्रॅप हाताळतानाच, तेही इतक्या लवकर बूटमध्ये, हे सुरक्षित आहे का? की प्रत्येक कॉलच्या आधी ‘%पीएक्स’ने पॉइंटर छापून बघणंच बरं? (नुसत्या ‘%पी’ने हॅश केलेला पत्ता येतो.)

वॉर्निंग बंद करा, कर्नल ट्रॅपमध्ये सांभाळून घेतो, असं कृपया सुचवू नका. कार्ड लिटल-एंडियन, स्पार्क बिग-एंडियन, म्हणजे दोघांचा बाइट ठेवायचा क्रम उलटा. ट्रॅपने वाचन पूर्ण झालं तरी बाइट उलटेच राहतात, आणि चालू माग थांबलेला म्हणून नोंदला जातो. विणकराची मजुरी त्या नोंदीवर ठरणार आहे, तिथे अंदाजपंचे चालणार नाही.

स्पार्कवर कर्नलचं काम केलेलं कोणी असेल तर सांगा. पूर्ण लॉग आणि कॉन्फिग लगेच टाकतो.