'पॅसिव्ह सोनार'ला मराठीत काय म्हणावे?

वेलांटी
शाळकरी मुलांसाठी समुद्रविज्ञानाचे एक पुस्तक अनुवादित करते आहे. सोनार म्हणजे ध्वनीच्या मदतीने पाण्याखालच्या गोष्टी शोधणारे यंत्र. त्याचे दोन प्रकार असतात. एक स्वतः ध्वनी सोडतो आणि परत येणारा पडसाद टिपतो, तो अ‍ॅक्टिव्ह. दुसरा काहीच सोडत नाही, पाण्यातले आवाज नुसते ऐकतो, तो पॅसिव्ह. मी सरळ 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय' लिहिले. सातवीतल्या भाचीला खर्डा वाचायला दिला तर तिचा पहिलाच प्रश्न: "मावशी, निष्क्रिय म्हणजे तो बंद पडलाय का?" संपादकांच्या मते हीच प्रमाण परिभाषा आहे, बदलू नये. मला तिचा प्रश्न रास्त वाटतो. दुसरा शब्द सुचवाल?

खोलपाणी
भाची बरोबर आहे. पाणबुडीवर सगळ्यात जास्त राबणारे यंत्र हेच. पाणबुडी स्वतःहून पिंग, म्हणजे सोनारचा ध्वनीचा ठोका, सोडायला धजत नाही, कारण पडसादाला जाऊन परत यायचे असते, तर समोरच्याला तो पिंग जातानाच ऐकू येतो. म्हणजे आपल्याला तो सापडण्याच्या कितीतरी आधी आपण त्याला सापडतो. म्हणून गप्प राहून ऐकायचे. जहाजाच्या पंख्याच्या आवाजावरून त्याला पाती किती, तो किती वेगाने फिरतोय, हेही काढता येते. याला निष्क्रिय म्हणणे अन्यायाचे आहे. 'मूक सोनार' म्हणा.

शुद्धमती
'मूक' चालेल, पण 'सोनार' कशाला? 'जहाजावरच्या सोनाराने पाणबुडी शोधली' हे वाक्य मराठी माणसाने कसे वाचायचे? हिंदीत दागिने घडवणारा बहुधा 'सुनार' असतो, त्यामुळे त्यांचे भागून जाते. आपला सुवर्णकार प्राकृतातून येताना नेमका 'सोनार' झाला आहे. 'प्रतिध्वनिशोधक' हा स्वच्छ शब्द असताना हा गोंधळ ओढवून का घ्यायचा?

रात्रपाळी
कारण वेलांटीताईंनी विचारले आहे त्याच ठिकाणी तुमचा शब्द अडतो. पॅसिव्ह प्रकारात प्रतिध्वनी नसतोच. 'मूक प्रतिध्वनिशोधक' याचा अर्थ काय लावायचा?

आणि गोंधळाचे उत्तर मराठी व्याकरणाने आधीच देऊन ठेवले आहे. दागिने घडवतो तो सोनाराने, सोनाराकडे. यंत्र असेल तर सोनारने, सोनारवर. आपण 'रडारवर' म्हणतो, 'रडारावर' कोणी म्हणत नाही. सामान्यरूप झाले की माणूस, नाही झाले की यंत्र.

शुद्धमती
हा नियम टिकणारा नाही. परका शब्द रुळला की त्याचे सामान्यरूप होते. टेबलावर, स्टेशनावर, डॉक्टरांना. तुमचा सोनार खरोखर मराठी झाला तर उद्या तोही 'सोनारावर' होईल, आणि झाला नाही तर तो पाहुणाच. दोन्हीकडून माझेच म्हणणे खरे ठरते.

ध्रुवमत्स्य
थोडे मुळाकडे जाऊ. 'सोनार' ही आद्याक्षरे 'साउंड नॅव्हिगेशन अँड रेंजिंग'ची, पण हार्वर्डच्या फ्रेडरिक हंट यांनी दुसऱ्या महायुद्धात हा शब्द घडवला तो 'रडार'शी जुळावा म्हणून. विस्तार मागाहून बसवला. सोनारसाठी ब्रिटिशांचा जुना शब्द 'अ‍ॅस्डिक' तर आणखी वेगळा. 1939 साली त्यांच्या नौदल खात्याने ऑक्सफर्ड कोशाला कळवले की ही एका समितीच्या नावाची आद्याक्षरे आहेत, पण त्या नावाची समिती कागदपत्रांत कुठेच सापडलेली नाही. कोशात छापलेली व्युत्पत्तीसुद्धा तपासून घ्यावी लागते ती अशी.

पण मला भावते ते निराळेच. 'साउंड'च्या मागे लॅटिन 'सोनुस' आहे आणि त्याचे संस्कृत भावंड 'स्वन'. म्हणजे सोनारमधला 'सो' आपल्या नात्यातलाच. मग 'स्वनवेध' का नको?

खोलपाणी
नाते मान्य, शब्द नाही. 'स्वनातीत' आपण ध्वनीहून वेगवान विमानासाठी वापरतो आणि कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीला 'श्राव्यातीत'. हे दोन शब्द लेखांमध्ये आधीच एकमेकांत मिसळलेले दिसतात, त्यात तिसरी भर नको.

शिवाय 'वेध' म्हटले की लक्ष्य आले. सोनारचे नेहमीचे काम खोली मोजण्याचे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. पडसाद 4 सेकंदांनी आला तर एकूण प्रवास 6000 मीटर, म्हणजे तळ 3000 मीटरवर. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात लगेच विरतात, म्हणून रडार तिथे निकामी ठरते. ध्वनीचा वेगही सगळीकडे सारखा नसतो. तापमान, क्षार आणि दाब यांवर तो बदलतो आणि त्यामुळे ध्वनी वाकतो. काही थरांखाली अशी सावली पडते की तिथली पाणबुडी वरच्या जहाजाला सापडत नाही.

महायुद्धातच सोनारवर 300 ते 500 मीटरवर एक तळ दिसू लागला, जिथे तळ नव्हताच. संध्याकाळी तो वर सरके, पहाटे खाली जाई. ते होते जिवांचे थवे. माशांच्या अंगातल्या हवेच्या पिशवीवरून ध्वनी जोरात परततो, मासे शोधणारे सोनार त्यावरच चालते. या 'खोट्या तळा'ची गोष्ट पुस्तकात नसेल तर जरूर घाला, ताई.

आजीचाबटवा
सोनोग्राफीवर कोणाचाच आक्षेप कसा नाही? तीही त्याच घरची. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधणारे श्राव्यातीत यंत्र पोटावर लावून पाहिले आणि 1958 साली निष्कर्ष छापले. खेड्यातली बाईही आज 'सोनोग्राफी केली' म्हणते. तिला कोणी प्रतिशब्द सुचवायला गेले नाही.

वेलांटी
खोटा तळ नक्की घालते, संपादक जागा देतील तर. पण 'निष्क्रिय'चे काय?

रात्रपाळी
'कानोसा' घ्या. न बोलता, आपली चाहूल लागू न देता दुसऱ्याची चाहूल घेणे यासाठी याहून नेमका शब्द मराठीत नाही. एक 'साद-सोनार', दुसरा 'कानोसा-सोनार'. भाचीला विचारून पाहा.

शुद्धमती
कानोसा चांगला आहे, हे मनापासून म्हणते. पण त्यात लपाछपी आहे. देवमाशांची गाणी ऐकायला समुद्रात यंत्रे सोडतात, ते अभ्यासक कोणापासून लपतात? तिथे 'श्रवण' हवा.

खोलपाणी
देवमाशांच्या बाबतीत तर कानोसाच हवा. नौदलाच्या जोरदार पिंगमुळे ते बिथरतात. 2000 साली बहामाजमध्ये चोचीचे देवमासे किनाऱ्याला लागले, तेव्हा सोनारचा संबंध अमेरिकी नौदलाच्या अहवालानेही मान्य केला. त्यांना त्रास न देता ऐकणे म्हणजे कानोसाच.

ध्रुवमत्स्य
'पिंग' सगळे बिनदिक्कत वापरताय! दुसरा संगणक उत्तर देतो का ते पाहणारा संगणकावरचा 'पिंग'ही इथूनच आला. माइक म्यूस यांनी 1983 मध्ये तो प्रोग्राम लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून नाव ठेवले. आता 'पोचलास की पिंग कर' हे सर्रास ऐकू येते. पण तो पिंग की ती पिंग?

रात्रपाळी
तो. रिंग ती, पण पिंग तो.

आजीचाबटवा
आमच्याकडे मुले 'एक पिंग टाकली' म्हणतात. स्त्रीलिंगीच.

शुद्धमती
'टाकली' मागे 'हाक' दडली आहे, म्हणून स्त्रीलिंग. मग सरळ हाकच मारा ना.

खोलपाणी
हाकेला उत्तर अपेक्षित असते, पिंगला भिंतही पुरते. दोन्ही एक नव्हेत.