मुक्कामी ड्युटी आणि मुलीची दहावी: भूमितीत 14 आलेत, बापाने काय करायचं?

लालपरी_मुक्कामी

मी एसटीत वाहक आहे, कोकणातल्या एका आगारात. मुलगी दहावीला, मराठी माध्यम, राज्य मंडळ. प्रिलिमचे पेपर परवा हातात मिळाले. भाषा चांगल्या आहेत, विज्ञान बरं, बीजगणितात 27. भूमितीत मात्र 40 पैकी 14. बोर्ड फेब्रुवारीत सुरू होतंय, वेळ फार उरलेला नाही.

निम्म्या रात्री मी मुक्कामी गाडीवर असतो. त्या गावात रेंज फक्त देवळाच्या पारावर येते. जेवण उरकून पारावर जायचं, फोन लावायचा, आणि तोंडातून पहिलं निघतं, "झाला का अभ्यास?" ती म्हणते "हो", आणि फोन आईकडे जातो. दिवसभर पॅसेंजर मला शंभर प्रश्न विचारतात, सगळ्यांना उत्तर देतो. मी घरी एक प्रश्न विचारतो तर मला एका अक्षरात वाटेला लावतात.

सौ. म्हणते क्लास लावा. क्लास तालुक्याला, संध्याकाळची परतीची गाडी एकच, ती चुकली की पोर स्टँडवर. माझी आई म्हणते दृष्ट लागली. मेव्हणा मुंबईहून रोज टॉपरचे व्हिडिओ पाठवतो, त्याला काय, फुकट आहे. मी स्वतः गणितात काठावर पास, त्यामुळे शिकवण्याचा प्रश्नच नाही.

शिकवता येत नाही, घरी असत नाही. अशा बापाने करायचं तरी काय? ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी सांगा.

कडक_पप्पा

मोबाइल काढून घ्या. टीव्हीचा रिचार्ज मारू नका. पाहुण्यांना मार्च संपेपर्यंत येऊ नका म्हणून स्पष्ट सांगा. आमच्या चिरंजीवांना असंच बसवलं, 88 टक्के पडले. लाड केले की डोक्यावर बसतात.

लालपरी_मुक्कामी

टीव्हीचा रिचार्ज दिवाळीतच संपलाय. मोबाइल घरात एकच, तोही सौ.चा. आता काढून घ्यायला काय उरलंय तेवढं सांगा.

फळा_आणि_खडू

भाऊ, निवृत्त होईपर्यंत मी गणितच शिकवलं आणि बोर्डाचे पेपरही तपासले, म्हणून लिहिते.

आधी ते 14 बाजूला ठेवा. गणिताचा निकाल भाग 1 म्हणजे बीजगणित, भाग 2 म्हणजे भूमिती आणि शाळेकडचे अंतर्गतचे 20 मिळून शंभरातून लागतो. भूमितीत वेगळं पास व्हायची अट नाही. तुमच्या मुलीचे 27 आणि 14 म्हणजे ऐंशीत 41 झाले, वर अंतर्गतचे आहेतच. नापासाची भीती घरातून काढून टाका. शिवाय टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हने काढतात, म्हणजे सहा विषयांतला सगळ्यात कमी गुणांचा विषय त्यात धरतच नाहीत. मुलांना हे शाळेत सांगितलेलं असतं, पण प्रिलिमच्या धक्क्यात विसरतात.

आता तिचा प्रिलिमचा पेपर मागून घ्या. रागवायला नव्हे, बघायला. भूमितीचा पेपर असा असतो: पहिला प्रश्न 8 गुणांचा, चार पर्याय निवडायचे आणि चार एकेका गुणाचे. दुसरा 12 चा, त्यात चौकटी भरायच्या कृतींना 4 आणि दोन-दोन गुणांच्या उदाहरणांना 8. झाले 20, निम्मा पेपर! यात मोठी सिद्धता नसते. पुढे तिसरा 9 चा, चौथा 8 चा, पाचवा 3 चा. मुलं कुठे बुडतात ते सांगते. चौथ्या प्रश्नाची सिद्धता अडते, तिथेच हट्टाने बसून राहतात, दोन तास संपतात आणि पाचवा कोरा राहतो. तुम्हाला गणित येत नसलं तरी कुठलं पान कोरं आहे हे दिसेलच.

सिद्धता पूर्ण आली नाही तरी आकृती काढून पक्ष (काय दिलंय) आणि साध्य (काय सिद्ध करायचंय) लिहायचंच. गुण पायरीला असतात, नुसत्या शेवटच्या ओळीला नव्हे. रचनेच्या प्रश्नात कंपासने मारलेले कंस पुसायचे नाहीत. पान स्वच्छ दिसावं म्हणून मुली, मुलीच जास्त, खोडरबराने कंस घालवतात, आणि मग स्पर्शिका कशी काढली हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नाही. अजून एक, कंपासपेटीतला कंपास हातात घेऊन बघा. त्याचा स्क्रू ढिला असतो. वर्तुळ अर्ध्यावर आलं की पाय सरकतो, त्रिज्या बदलते, वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. पोर परत पुसते, परत काढते, पाच मिनिटं गेली. शिकवता येत नाही म्हणता ना? स्क्रू आवळता येतो की!

क्लास आता लावू नका. जाण्या-येण्यात तिची संध्याकाळ जाईल.

गेल्या_मार्चची_दहावी

काका, मी आत्ता अकरावीत आहे. मला सगळ्यात नकोसं काय व्हायचं माहितीये? पेपर देऊन बाहेर आलं की लगेच प्रश्नपत्रिका हातात घेऊन "यात किती पडतील, त्यात किती" असा हिशेब. उद्याच्या पेपरचा मूडच जातो. आमच्या बाबांना आईने दुसऱ्याच पेपरला दम भरला तेव्हा ते थांबले.

आणि फोनवर तुमच्या गाडीतल्या गमती सांगा ना. कोण कोंबडी घेऊन चढलं, कोणाचं सुट्ट्या पैशांवरून भांडण झालं. दिवसभर अभ्यासच कानावर पडतो, दहा मिनिटं दुसरं काही ऐकलं की बरं वाटतं.

आमचं केंद्र दुसऱ्या गावात होतं. पहिल्याच दिवशी गाडी उशिरा आली, मी धावत वर्गात. पेपर 11 ला पण साडेदहाला आत बसायला सांगतात. तुम्ही तर एसटीतलेच, तेवढं बघून ठेवा.

दोन_मुलांची_आई

आजींना दृष्ट काढू दे हो, मीठमोहरीने भूमिती बिघडत नाही.

एक मात्र गांभीर्याने. एका अक्षरात उत्तरं, दार आपटणं, चिडचिड, हे या वयाचंच आहे. पण जेवण सुटलं, रात्र-रात्र झोप नाही, किंवा "मी नसलेलीच बरी" असं काही बोलली, तर परीक्षा संपायची वाट बघू नका. मानसिक त्रासात मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्या धाकट्याच्या वेळी मी लावला होता. परीक्षेच्या काळात बोर्डही समुपदेशक नेमतं, त्यांचे नंबर शाळेत मिळतील.

लालपरी_मुक्कामी

सगळ्यांचे आभार. काल घरी होतो, पेपर मागितला. आधी "कशाला?" झालं, मग दिला. बाईंनी लिहिलंय तस्संच निघालं. चौथ्या प्रश्नाला अडीच पानं आणि त्यात खाडाखोड, पाचवा कोरा. रचनेत कंस पुसलेले, शाळेच्या सरांनी तांबड्या शाईत "कंस कुठे?" लिहिलंय. पहिल्या प्रश्नात मात्र आठातले सहा आहेत, ते तिला मोजून दाखवले. कंपास ढिलाच होता, आमच्या आगारातल्या मेकॅनिककडून आवळून आणला. त्याने वर "व्हील अलाइनमेंट फुकट" म्हणून शेरा मारला, तो तिला फोनवर सांगितला तर चक्क हसली.

गाडीचंही बघितलं. केंद्र 11 किलोमीटरवर. सकाळी 9:10 ची गाडी वरच्या वाड्यांतून गच्च भरून येते, आमच्या थांब्यावर चढायला मिळेलच असं नाही. 8:20 ची वळसा घालून जाते पण रिकामी असते, साडेनवाच्या आत पोचवते. तीच पक्की केली. भूमितीच्या दिवशी त्या फेरीवर ड्युटी मिळते का विचारलंय. तिची अट आहे, गाडीत ओळख दाखवायची नाही, मैत्रिणी असतात.

बाई, त्या चौकटीच्या कृतींना पाठ्यपुस्तक पुरेल का, की वेगळं पुस्तक आणू?

फळा_आणि_खडू

नवीन काही आणू नका. आधी पाठ्यपुस्तकातल्या संपवू दे, मग मागच्या मार्च आणि जुलैच्या प्रश्नपत्रिकांतल्या. शाळेत गणिताच्या सरांकडे मागा, असतात.