मदत हवी आहे: विभागप्रमुखपद घ्यावं का?

विभागप्रमुखपदासाठी माझं नाव पुढे आलंय. मुदत ३ वर्षांची. धाकटी ४ वर्षांची, थोरला दहावीच्या उंबरठ्यावर. माझ्याकडे ५ जण पीएचडी करताहेत, त्यातल्या दोघींचे प्रबंध शेवटच्या टप्प्यात आहेत.

बैठका, वेळापत्रकं, सहकाऱ्यांचे रुसवेफुगवे हे जमेल. भीती वेगळीच आहे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधाचं एक प्रकरण वाचायला दोन तास सलग लागतात, आणि तेच आधी जातील. आत्ताही मी रात्री अकरानंतर वाचते आणि सकाळी स्वतःचेच शेरे मला लागत नाहीत!

कुणी मेरी क्युरीचं उदाहरण दिलं की चिडचिड होते. १९०६ मध्ये नवरा गेल्यावर तिने पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातलं त्याचं अध्यापन हाती घेतलं, मुली ८ आणि १ वर्षाच्या. पण घरी मुलींना सांभाळायला सासरे होते, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे आम्ही दोघंच, आणि नवऱ्याची फिरतीची नोकरी.

ज्या बायकांनी हे पद सांभाळलंय त्यांना विचारते: तासिका कमी करून मागितल्या का? सहमार्गदर्शक घेतला तर विद्यार्थिनींना सोडून दिल्यासारखं वाटतं का? आणि नकार दिला तर पुन्हा विचारणा होते का? उत्तर सोमवारपर्यंत द्यायचंय.