नवं फुटबॉल स्टेडियम: व्हीलचेअरच्या जागांबद्दल वास्तुविशारदाला नेमकं काय विचारू?

मधली फळी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

आमच्या क्लबचं नवं स्टेडियम होतंय, ४० हजार आसनांचं. आराखडा पक्का होण्याआधी अपंग समर्थकांपैकी दोघांना बैठकीला बोलावलंय, त्यातली एक मी. बैठक पंधरा दिवसांवर आलीये. (दिव्यांग म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण मी स्वतःला अपंगच म्हणते.)

अकरा वर्षांपूर्वी अपघातात पाठीच्या कण्याला मार बसला, तेव्हापासून हाताने ढकलायची व्हीलचेअर वापरते. सामने बघणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. त्यामुळे पायऱ्या चढून रांगेत उभं राहून ओरडणं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि आता काय गेलंय तेही.

गेल्या मोसमातली एक गोष्ट सांगते, म्हणजे माझं दुखणं कळेल. ८७ वं मिनिट, बरोबरी, आमचा कॉर्नर. चेंडू वर उठला तेवढा मी पाहिला. मग पुढची रांग उभी राहिली. माझ्या डोळ्यांसमोर एक हिरवं जर्किन होतं, खांद्याजवळ शिवण उसवलेली, आत पांढरं अस्तर. स्टेडियम दणाणलं तेव्हा मी त्या अस्तराकडे बघत होते. गोल झाला हे आवाजावरून कळलं. कोणी केला ते भावाने सांगितलं, तोही शेजारी नव्हता. सोबत्याची खुर्ची माझ्या मागे, दोन रांगा वर. तो धडपडत खाली येईपर्यंत चेंडू पुन्हा मध्यावर ठेवून झाला होता. आम्ही लहानपणापासून प्रत्येक गोलाला एकमेकांच्या गळ्यात पडत आलोय. त्या दिवशी तो माझ्यासमोर वाकला आणि म्हणाला, "हेडर होता." बस.

बाकीचं तुम्हाला माहीतच असेल. मध्यंतर १५ मिनिटांचं, आणि आमच्यासाठीचं स्वच्छतागृह स्टँडच्या दुसऱ्या टोकाला. एकदा तिथवर पोचले तर आत झाडू आणि बादल्या रचून ठेवलेल्या.

बैठकीत "अपंगांची सोय करा" असं म्हटलं तर सगळे मान डोलावतील आणि रॅम्प दाखवतील. रॅम्प ते देणारच. मला गोल बघायचाय, आणि भावाच्या शेजारी बसून बघायचाय. हे आराखड्याच्या भाषेत कसं विचारायचं? कोणता कागद मागायचा? ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया सांगा.

---

टी-स्क्वेअर

ताई, मी वास्तुविशारद आहे. स्टेडियम बांधलेलं नाही, पण सभागृहं आणि एक क्रीडासंकुल केलंय. प्रेक्षकाची नजर कुठून कुठे जाते हा प्रश्न सगळीकडे सारखाच असतो.

वरून दिसणारा नकाशा बघू नका. त्यात व्हीलचेअरच्या जागांचे निळे चौकोन काढलेले असतात आणि सगळं छान दिसतं. सेक्शन मागा, म्हणजे स्टँड उभा कापल्यावर जसा दिसेल तो छेद. त्यात तुमच्या डोळ्यांपासून मैदानाच्या जवळच्या कडेपर्यंत एक रेघ ओढलेली असते. पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून ती रेघ जाते यावरून जागा चांगली की वाईट ते ठरतं. इंग्रजीत याला 'सी-व्हॅल्यू' म्हणतात. ९० मिलिमीटर असेल तर चांगलं धरतात, ६० च्या खाली जाऊ नये म्हणतात.

खरी मेख पुढे आहे. ही रेघ काढताना पुढचा माणूस बसलेला धरलेला असतो. फुटबॉलमध्ये तो नेमका मोक्याच्या क्षणी उभा राहतो. बाकीचेही उभे राहतात, त्यांचं काम भागतं. तुमचं भागत नाही. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १३० सेंटिमीटरवर असतात आणि समोर उभ्या माणसाचं डोकं १७०-१८० वर. नुसता हाच फरक अर्ध्या मीटरच्या आसपास. त्यात नजर खाली मैदानाकडे उतरत जाते, म्हणून तुमचा ओटा पुढच्या रांगेपेक्षा प्रत्यक्षात त्याहून बराच उंच घ्यावा लागतो. म्हणून प्रश्न असा विचारा: "पुढची रांग उभी आहे असं धरून ही रेघ काढून दाखवा." एवढं एकच वाक्य बोललात तरी बैठक कामी लागली समजा.

ते कचरतील, आणि कशामुळे ते माहीत असू द्या. ओटा उंच केला की मागच्या लोकांची नजर अडते, म्हणून मागचंही सगळं वर उचलावं लागतं किंवा एखाददुसरी रांग सोडावी लागते. रांग गेली की तिकिटं गेली. पण काँक्रीट पडल्यावर हे बदलता येत नाही. आत्ता नाही तर पुढची पन्नास वर्षं नाही.

जागा किती, याचाही आधार सोबत ठेवा. ब्रिटनमधल्या 'अॅक्सेसिबल स्टेडिया' या २००३ च्या मार्गदर्शिकेचा हिशोब नव्या स्टेडियमसाठी असा: २० हजार आसनांपर्यंत १५०, तिथून ४० हजारांपर्यंत दर हजारामागे आणखी ३. तुमच्या ४० हजारांना २१० जागा. अमेरिकेतल्या २०१० च्या मानकांत ५ हजार आसनांना ३६ आणि त्यापुढच्या दर २०० आसनांमागे आणखी १, म्हणजे तुमच्या ४० हजारांना २११. दोन देशांनी वेगवेगळ्या वाटेने काढलेला आकडा जवळजवळ एकच येतो, हे मला तरी फार बोलकं वाटतं. कोणी साठ-सत्तर जागांवर बोळवण करू लागलं तर हे पुढे ठेवा.

भावाबद्दलही अमेरिकन मानक स्पष्ट आहे. प्रत्येक व्हीलचेअरच्या जागेला एक सोबत्याची खुर्ची, आणि ती अशी की दोघांचे खांदे एका रेषेत यावेत. मागे नाही, दोन रांगा वर तर नाहीच. तुमचं ते "हेडर होता" वाचून मी थोडा वेळ थांबलो होतो.

अजून एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, ती म्हणजे ओट्याच्या पुढचा कठडा. सर्वसाधारण कठडा ११० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे वरचा पाइप नेमका तुमच्या डोळ्यांसमोर. बसलेल्या प्रेक्षकांपुढे तो खाली घेता येतो. तेही सेक्शनमध्येच दिसेल.

आणि आग लागली तर? नेहमीची लिफ्ट तेव्हा वापरत नाहीत. सुटकेसाठीची, स्वतंत्र वीजपुरवठ्याची लिफ्ट आहे का, आणि ती येईपर्यंत थांबायला आगीपासून सुरक्षित जागा किती व्हीलचेअरची आहे, हे विचाराच. दोनशे जागा देऊन सुटकेची सोय दहा जणांची असेल तर ते चालायचं नाही.

---

रेडिओ कान

मी जन्मांध आहे आणि दर सामन्याला जातो. लोक विचारतात, घरी रेडिओवर ऐकता येत नाही का? येतं की. पण घरी पायाखालचं काँक्रीट हलत नाही.

ताई, तुमच्या यादीत आमचंही एक घाला. अंधांसाठीचं वर्णनात्मक समालोचन वेगळं असतं. रेडिओवाला चेंडू सोडून मागच्या मोसमाच्या आठवणी सांगतो. वर्णनकाराला ती मोकळीक नाही. चेंडू कुठे आहे, कोणाच्या पायात आहे, बचावपटू किती अंतरावर उभा आहे, पंचाचा हात कुठल्या दिशेला गेला, हे त्याने सतत सांगत राहायचं. त्यासाठी माणसं शिकवून तयार करावी लागतात. २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात काही स्टेडियममध्ये हे होतं, २०२२ ला कतारमध्ये अरबीतूनही होतं. म्हणजे करायचं ठरवलं की होतं.

पण ते मोबाईलच्या इंटरनेटवरून देऊ नका म्हणावं. मी एका ठिकाणी तसं ऐकलंय. आवाज काही सेकंद मागे असतो. स्टेडियम गर्जतं, शेजारचा माझा खांदा धरून हलवतो, आणि माझ्या कानात आमचा गोलकीपर अजून चेंडू जमिनीवर ठेवतोय. त्या काही सेकंदांत मी एकटा पडतो. तुमच्या हिरव्या जर्किनासारखंच आहे हे. स्टेडियमच्या आतच रेडिओलहरींवरून, छोट्या रिसीव्हरवर मिळालं तर उशीर होत नाही. त्यासाठी समालोचकाच्या खोलीपासूनची जोडणी बांधकामातच धरावी लागते.

शिवाय आमच्या जागा एका कोपऱ्यात कोंबू नका. रिसीव्हर कुठेही चालतो. मला माझ्या नेहमीच्या गाणाऱ्या मंडळींत बसायचंय.

---

गुडघेदुखी

मी काठी घेऊन चालतो, व्हीलचेअर नाही. संधिवात. आमची मोजदाद कुठेच होत नाही. मला रांगेच्या टोकाची खुर्ची लागते, पाय लांब करता येईल अशी, आणि पायऱ्यांना हाताला धरायला काहीतरी. बऱ्याच स्टँडमध्ये मधल्या पायऱ्यांना कठडाच नसतो. वर जाताना निभतं, उतरताना लोकांचे खांदे धरत यावं लागतं. गाडी लावल्यापासून दारापर्यंत दर ५० मीटरवर टेकायला बाक हवं. पुढचे उभे राहिले की मलाही काही दिसत नाही, कारण मला पटकन उठता येत नाही. ते उंच ओट्याचं आमच्या काही खुर्च्यांनाही लागू करा म्हणावं.

---

निळा हेडफोन

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न. फुटबॉलचं त्याला वेड आहे. सगळ्या खेळाडूंचे नंबर पाठ. आवाज मात्र सहन होत नाही.

हल्ली नव्या स्टेडियममध्ये काच लावलेली शांत खोली करतात, कतारलाही काही ठिकाणी होती. ती हवीच. पण आमचा घोळ वेगळाच झाला. पहिल्या सामन्यात तो विसाव्या मिनिटाला कान दाबून बसला, म्हणून मी त्याला बाहेर नेलं. दहा मिनिटांत तो शांत झाला आणि म्हणाला, "आता जाऊ या." दारावरच्या माणसाने सोडलं नाही, एकदा बाहेर पडलं की परत आत नाही असा नियम. मुलगा दाराच्या पट्ट्यांतून मैदानाचा हिरवा तुकडा बघत उभा राहिला. त्याला नियम सांगून समजणार नव्हता, आणि मलाही तो पटवून देता येईना.

त्यामुळे ताई, खोलीसोबत हेही मागा: ये-जा करू देणारं एक दार, आणि तिथली माणसं शिकवलेली. घरातून निघण्याआधी त्याला दाखवता येतील असे फाटकापासून खुर्चीपर्यंतच्या वाटेचे फोटोही मिळाले तर आमचं अर्धं काम होतं.

---

मधली फळी

बैठक काल झाली. उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

टी-स्क्वेअर, तुमचं वाक्य मी जसंच्या तसं म्हटलं. त्यांच्या वास्तुविशारदाने सेक्शन आणलेला होता. तुम्ही म्हणालात तसंच, पुढची सगळी माणसं बसलेली. मी म्हटलं, उभी करा. त्यांनी ट्रेसिंग पेपर ठेवला, पुढच्या रांगेत पेन्सिलीने एक उभा माणूस काढला आणि माझ्या डोळ्यांपासून पट्टी लावून रेघ ओढली. रेघ त्या माणसाच्या छातीत घुसली. खोलीत कोणी बोललं नाही. ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हे आम्ही तपासलंच नव्हतं." मला त्या माणसाचा आदर वाटला. सारवासारव करता आली असती, त्यांनी केली नाही.

ओटे उंच करून नवा छेद तीन आठवड्यांत दाखवणार आहेत. त्यात दोन रांगा जातील असा त्यांचा अंदाज, आणि क्लबच्या हिशोबवाल्यांचा चेहरा उतरला होता, त्यामुळे हे पक्कं झालं असं मी धरत नाही. सोबत्याच्या खुर्च्या शेजारी आणणं मात्र तिथल्या तिथे मान्य झालं. आराखड्यात १४० जागा होत्या. दोन्ही देशांचे हिशोब मी लिहून दिलेत. पाहुण्या संघाच्या बाजूला एकही जागा नव्हती. तिकडच्या अपंग समर्थकांनी आमच्या लोकांत बसून स्वतःच्या संघाचा गोल गिळायचा का, असं विचारलं. त्यावर टिपण झालंय. सुटकेच्या लिफ्टचं उत्तर लेखी देतो म्हणाले.

रेडिओ कान, काही सेकंदांच्या उशिराचं मी वाचून दाखवलं. पुढच्या बैठकीला तुमच्याकडून कोणी येईल का असं त्यांनीच विचारलं. तुम्हाला निरोप पाठवलाय, बघा. गुडघेदुखी, तुमचा कठडा आणि बाकं यादीत गेली. निळा हेडफोन, ये-जा करण्याच्या दाराला सुरक्षावाल्यांनी आधी नाही म्हटलं. तुमच्या मुलाचं सांगितल्यावर विचार करतो म्हणाले. मी पाठ सोडणार नाही.

आता एक नवा प्रश्न आलाय. ओट्यापुढच्या कठड्याला दोन पर्याय दिलेत: खाली घेतलेला पाइप किंवा उंच काच. काच दिसायला छान आहे. पण पावसाळी सामन्यात वारा आतल्या बाजूला आला की तिच्यावरून पाणी ओघळत राहील आणि मला पुन्हा अंधुकच दिसेल अशी मला भीती वाटते. शिवाय रात्रीचे दिवे तिच्यात चमकतील का? काचेमागून सामना बघितलेलं कोणी आहे का इथे? मला पुढच्या आठवड्यात कळवायचंय.